प्रजापतीचा प्रश्न

बृहदारण्यकोपनिषदाच्या पाचव्या अध्यायात प्रजापतीची एक लहानशी आख्यायिका आहे. देव, मनुष्य आणि असुर ही त्याची तिन्ही अपत्ये ब्रह्मचर्यव्रत धारण करून त्याच्यापाशी राहिली आणि व्रत पुरे झाल्यावर प्रत्येकाने उपदेशाची याचना केली, तेव्हा प्रजापतीने तिघांनाही एकच अक्षर सांगितले, ते म्हणजे 'द'. भोगांत निमग्न असलेल्या देवांनी त्यातून दम घेतला, द्रव्याचा लोभ न सुटणाऱ्या मनुष्यांनी दान घेतले आणि हिंसेची सवय जडलेल्या असुरांनी दया घेतली. प्रवचनांतून ही कथा आपण पुष्कळदा ऐकतो आणि सांगणारे बहुतेक सर्वजण येथेच थांबतात. एका उपदेशाचे श्रोत्यांच्या प्रकृतीनुसार तीन अर्थ झाले, एवढे तात्पर्य हाती लागले की वक्ता आणि श्रोते दोघांचेही समाधान होते. परंतु मूळ आख्यायिकेत आणखी दोन गोष्टी आहेत, आणि माझ्या मते कथेचे सारे मर्म त्या दोहोंत साठविलेले आहे. पहिली अशी की, अक्षर उच्चारून झाल्यावर प्रजापती तिघांनाही वेगवेगळे, तुम्हांस कळले काय असे विचारतो, काय कळले ते त्यांच्या तोंडून वदवून घेतो आणि मगच ते बरोबर कळल्याची ग्वाही देतो. दुसरी अशी की, कथेच्या शेवटी तेच अक्षर मेघगर्जनेच्या रूपाने आकाशात पुनःपुन्हा उमटत राहते.

म्हणजे उपदेश तोच, अक्षर तेच, परंतु ते पोहोचविण्याचे मार्ग दोन झाले. एकात गुरू समोर बसला आहे, विचारतो आहे, उत्तर ऐकतो आहे. दुसऱ्यात आकाशवाणी सर्व दिशांना सारखीच निनादते, राजवाड्यावर आणि झोपडीवर सारखीच, आणि ती कोणाला काही विचारीत नाही. उपनिषदाने पहिल्या मार्गाची कथा सांगितली आणि दुसऱ्याचा निर्देश मात्र केला. त्यांच्यात तरतमभाव केला नाही. तो करण्याचे काम आपल्यावर येऊन पडले आहे, कारण गेल्या पन्नास वर्षांत मेघगर्जनेचा मार्ग आपण शब्दशः अंगीकारला. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, पूर्ण एक वर्ष, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा, बिहार आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम प्रक्षेपित होत होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी अँटेना, तिच्याखाली गावाचा एकच सामायिक दूरचित्रवाणी संच, सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम, अशी ती योजना होती. विक्रम साराभाईंनी ज्या स्वप्नासाठी आयुष्य वेचले त्याची ती पहिली प्रचीती होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु वर्ष संपले, उपग्रह माघारी नेला गेला, आणि त्या आकाशवाणीला खेड्यांतून कोणती उत्तरे द्यावयाची होती हा प्रश्न मागे राहिला.

दूरशिक्षण हे काही उपग्रहापासून सुरू झाले असे नव्हे. इंग्लंडात आयझॅक पिटमन १८४० साली, पेनी टपाल सुरू झाले त्याच वर्षी, लघुलेखनाचे धडे टपालाने पाठवू लागला, विद्यार्थ्यांनी केलेला अभ्यास तपासून परत पाठवू लागला, आणि त्या परत पाठविण्यातच त्याच्या योजनेचा प्राण होता. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम काढले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ साली राजसनद मिळाली. हैदराबादेत १९८२ साली, दिल्लीत १९८५ साली आणि नाशिक येथे १९८९ साली मुक्त विद्यापीठे स्थापन झाली. यशवंतराव चव्हाणांच्या नावाच्या या नाशिकच्या विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले आणि त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी ते ब्रीद कागदावर राहू नये याची खटपट केली. घरोघरी म्हणजे नाना प्रकारच्या घरांत. आणि येथेच आजचा प्रश्न उपस्थित होतो. घरे निरनिराळी, माणसे निरनिराळी, त्यांची शिकण्याची रीतही निरनिराळी. तर मग एकच धडा सर्वांना कसा पुरावा?

या प्रश्नाला गेल्या चाळीस वर्षांत शिक्षणशास्त्राच्या बाजारात एक तयार उत्तर फार लोकप्रिय झाले आहे. कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, कोणी वाचून-लिहून, कोणी हातांनी. प्रत्येकाची ही शैली प्रश्नावली भरवून ओळखावी आणि ज्याला जे मानवते त्याला ते द्यावे. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगने १९९२ साली ही चतुर्विध विभागणी मांडली आणि ती जगभरच्या अध्यापक-प्रशिक्षणवर्गांत शिरली. दूरशिक्षणाच्या तंत्रज्ञानाला तर हे उत्तर वरदानासारखे वाटले. एकाच वर्गात चाळीस मुलांना चाळीस तऱ्हांनी शिकविणे शिक्षकाला अशक्य असते. यंत्राला मात्र चित्रफीत, ध्वनिफीत, मजकूर आणि अभ्यासाचे खेळ हे सर्व एका पडद्यावर मांडता येते आणि विद्यार्थ्याने आपल्या प्रकृतीप्रमाणे हवे ते उचलावे अशी सोय करता येते. सोय उत्तम आहे. तिच्या पाठीमागचे तत्त्व तपासून पाहिले की मात्र अडचण येते.

अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी, हॅरल्ड पॅशलर आणि त्यांचे सहकारी यांनी, २००८ साली या विषयावरचे सारे संशोधन तपासले. त्यांनी लावलेली कसोटी अगदी न्याय्य होती: दृक्-शैलीचा म्हणून निवडलेला विद्यार्थी चित्रांनी अधिक चांगला शिकतो आणि श्राव्य-शैलीचा शब्दांनी अधिक चांगला शिकतो, असे उलटसुलट ताडून दाखविणारा पुरावा असेल तरच विभागणी खरी मानावी. असा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. माणसांना आवडी असतात हे खरे. परंतु आवडीच्या मार्गाने दिलेले ज्ञान अधिक पक्के होते, हे सिद्ध झालेले नाही. बुद्धीच्या अनेकत्वाचा सिद्धान्त १९८३ साली मांडणारा हॉवर्ड गार्डनर, ज्याच्या नावावर हा सर्व व्यापार पुष्कळदा खपविला जातो, तो स्वतः आपल्या सिद्धान्ताचा आणि शैलींचा संबंध जोडू नका असे सांगत आला आहे. येवढे होऊनही ही समजूत शिक्षकांच्या मनातून जात नाही, आणि ती का जात नाही याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, मानसशास्त्राहून खोल आहे. माणसामाणसांत फरक आहे, आणि जो तो फरक मानीत नाही तो शिक्षक निर्दय होतो, ही नैतिक जाणीव त्या चुकीच्या सिद्धान्ताच्या आश्रयाने राहिली आहे. सिद्धान्त फेकून द्यावा. जाणीव मात्र सांभाळावी लागेल.

ही जाणीव आपल्या परंपरेत अधिकारभेद या नावाने ओळखली जाते. आपल्याकडील शास्त्रग्रंथाच्या प्रारंभी जी चार अनुबंधांची चर्चा असते तीत पहिली बाब अधिकाऱ्याची: हा ग्रंथ कोणासाठी? वेदान्ताने उत्तम, मध्यम आणि मंद असे अधिकारी मानले. उत्तमाला श्रवण पुरते, मध्यमाला मनन आणि निदिध्यासन दीर्घकाळ करावे लागते, मंदाला उपासना आणि कर्म यांच्या वाटेने चित्तशुद्धी साधावी लागते. वैद्य एकाच व्याधीवर प्रकृती पाहून औषधाची मात्रा बदलतो, तसा गुरू एकाच सत्याची मात्रा बदलतो, असा यातील सद्भाव होता. परंतु या शब्दाला दुसरी, काळवंडलेली बाजूही होती आणि ती आपण विसरून चालणार नाही. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही असा निर्णय करणारे एक संपूर्ण अधिकरण आहे. ज्या शब्दाने गुरूने विद्यार्थ्याकडे पाहून स्वतःला बदलावयाचे, त्याच शब्दाने विद्यार्थ्याला दारातून परत धाडण्याचे फर्मान निघाले. माझ्या मते दोष शब्दाच्या या दुहेरी उपयोगात आहे: अधिकार हे शिक्षकावरील ओझे मानावयाचे की विद्यार्थ्याच्या कपाळावरचा शिक्का, याचा निवाडा होत नाही तोपर्यंत अधिकारभेद आज दया करील आणि उद्या बहिष्कार.

शिकण्याच्या शैलींचा सिद्धान्त याच दुभंगावर उभा आहे, आणि म्हणून मला तो निरुपद्रवी वाटत नाही. शाळेतल्या शिक्षिकेने पालकांना सांगितलेले, 'तुमचा मुलगा हातांनी शिकणारा आहे, वाचनाचा नाही,' हे वाक्य ऐकताना किती समंजस वाटते! परंतु त्या वाक्यानंतर त्या मुलाच्या हाती पुस्तक किती वेळा पडेल? ज्याला वाचन जड जाते त्यालाच वाचनाची गरज अधिक, आणि हा सिद्धान्त नेमका त्यालाच त्यातून सूट देऊन टाकतो. आता हे काम यंत्राकडे गेले आहे. कोणी किती वेळ चित्रफीत पाहिली, कोठे थांबला, काय वगळले याची नोंद ठेवून विद्यार्थ्याची प्रकृती ठरविणारे आणि पुढचा धडा त्याप्रमाणे वळविणारे कार्यक्रम संगणकावर चालतात. बाराव्या वर्षी एखाद्या मुलीने कंटाळून दोन परिच्छेद वगळले म्हणून तिच्या नोंदवहीत जी रेघ ओढली जाते, ती पुसण्याचा अर्ज तिने कोणाकडे करावयाचा? जुन्या काळी निदान गावच्या शास्त्रीबुवांशी भांडता येत असे.

शंकराचार्यांनी प्रजापतीच्या आख्यायिकेवर भाष्य करताना एक फार मार्मिक सूचना केली आहे: देव, मनुष्य आणि असुर हे वेगवेगळ्या लोकांतले प्राणी न मानता माणसांतलेच मानता येतील. ज्यांचे इतर गुण चांगले पण इंद्रियांवर ताबा नाही ते देव, ज्यांचा लोभ सुटत नाही ते मनुष्य आणि जे क्रूर ते असुर. म्हणून दम, दान आणि दया हे तिन्ही उपदेश माणसालाच आहेत. ज्या आचार्यांच्या भाष्यात अधिकाराची कवाडे इतकी घट्ट लावलेली सापडतात त्यांच्याच लेखणीतून हा विचार आला हे नवल आहे. पण विचार खरा आहे. आपण सकाळी देव असतो आणि बाजारात मनुष्य. तोच विद्यार्थी भूमितीत चित्राशिवाय अडतो, व्याकरणात चित्राने विचकतो, आणि कविता त्याला कोणी मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय उमजत नाही. फरक आहे, पण तो माणसाच्या अंगी कोरलेला नसून विषय, वेळ आणि अवस्था यांच्याबरोबर फिरणारा आहे.

विषयाचा धर्म काय असतो हे पाहावयाचे तर द्राक्षबागेत जावे. नाशिक आणि सांगली जिल्ह्यांत वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. आणि फळछाटणीत काडीवर किती डोळे राखावयाचे यावर त्या वर्षीचा सगळा माल अवलंबून असतो. आता हा धडा ध्वनिफितीवर सांगितला तर श्राव्य-शैलीचा म्हणून प्रमाणपत्र मिळविलेला शेतकरीसुद्धा त्याने एक काडी नीट छाटू शकणार नाही. काडीची जाडी, डोळ्याचा फुगीरपणा, गाठीपासूनचे अंतर, कात्रीचा तिरपा काप ही पाहावयाची आणि करावयाची गोष्ट आहे, आणि ती सर्वांनी पाहावयाची आणि करावयाची आहे. उलट कूळकायद्यातील कुळाची व्याख्या घ्या. तिच्यावर दहा मिनिटांची रंगीत चित्रफीत काढली तरी शेवटी कलम वाचल्याशिवाय आणि दोनदा वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. साधन निवडताना विद्यार्थ्याचे इंद्रिय पाहण्याआधी विषयाचा स्वभाव पाहावा, हे सूत्र मुक्त विद्यापीठाच्या जुन्या पाठ्यपुस्तककारांना ठाऊक असावे. कारण त्यांच्या पुस्तकांत समासात मोकळी जागा असते, घटकाच्या प्रारंभी उद्दिष्टे असतात, मध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न असतात आणि उत्तरे मागे दिलेली असतात, म्हणजे वाचणाऱ्याने हाती पेन्सिल घ्यावी अशी तजवीज असते.

छाटणीच्याच बाबतीत एक गोष्ट अलीकडे घडू लागली आहे, ती मला कोणत्याही चित्रफितीहून अधिक मोलाची वाटते. शेतकरी आपल्या बागेतल्या काडीचे छायाचित्र मोबाइलवर काढतो, व्हॉट्सॲपवर सल्लागाराकडे पाठवितो आणि विचारतो, 'हा डोळा ठेवू की काढू?' आणि सल्लागार त्याच छायाचित्रावर बोटाने रेघ मारून उत्तर देतो. येथे अंतर शंभर कोसांचे असेल, परंतु प्रजापतीचा प्रश्न येथे विचारला गेला आहे, इतकेच की तो शिष्याने विचारला. मायकेल मूर या दूरशिक्षणाच्या अभ्यासकाने हेच तत्त्व शास्त्रीय भाषेत मांडले: शिक्षणातले अंतर भूगोलाचे नसते, ते संवादाचे असते, एकाच खोलीत बसलेल्या गुरुशिष्यांत ते अमर्याद असू शकते आणि दोन खंडांत विभागलेल्यांत नाहीसे होऊ शकते.

दूरस्थ शिष्याचा आद्य दाखला म्हणून एकलव्याचे नाव घेण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे, आणि दूरशिक्षणाच्या प्रत्येक समारंभात कोणी ना कोणी वक्ता मातीच्या द्रोणाचार्यांचे वर्णन करून टाळ्या मिळवितो. मला ही प्रथा विलक्षण वाटते. एकलव्य दूर राहिला तो दूर राहणे त्याला मानवत होते म्हणून नव्हे. त्याला प्रवेश नाकारला गेला होता. आणि गुरूकडून त्याला आलेला पहिला आणि शेवटचा निरोप गुरुदक्षिणेच्या मागणीचा होता. संस्थेला विद्यार्थी आठवला तो फक्त शुल्काच्या वेळी, हा आदर्श मुक्त शिक्षणाच्या व्यासपीठावरून सांगण्यासारखा खास नाही.

त्याऐवजी आपल्या संतपरंपरेत बहिणाबाईंचे उदाहरण आहे. सतराव्या शतकातील ही स्त्री, ब्राह्मण घरातली, कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग ऐकते. तुकोबा तिकडे देहूला, जातीने कुणबी, तिने त्यांना पाहिलेलेही नाही. त्या अभंगांचा तिला ध्यास लागतो आणि तुकोबांकडून तिला स्वप्नात उपदेश होतो. (तुकोबांना स्वतःला बाबाजी चैतन्यांचा उपदेश झाला तोही स्वप्नातच.) स्थळाचे, जातीचे आणि स्त्रीत्वाचे अंतर ओलांडून गेलेली ही दीक्षा आहे आणि तिचे वाहन कीर्तनकाराचा कंठ आहे. परंतु पुढची गोष्ट तितकीच ध्यानात ठेवण्यासारखी: बहिणाबाई स्वप्नावर समाधान मानीत नाहीत. त्या कुटुंबासह देहूला जातात, तेथे राहतात, विरोध आणि छळ सोसतात आणि तुकोबांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकतात. दुरून मिळालेला उपदेश खरा होता. आणि तो खरा होता म्हणूनच त्यांना जवळ जाण्याची तळमळ लागली.

कीर्तनाचा उल्लेख आला तेव्हा आणखी एक बाब सांगितली पाहिजे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्ताची मांडणी, उत्तररंगात आख्यान, मध्ये पदे आणि साक्या, झांजा आणि तबला. वारकरी कीर्तनात तर टाळ आणि पखवाज यांच्या ठेक्यावर उभे राहून नाचणारे टाळकरी. तर्क, कथा, संगीत, अंगविक्षेप, सर्वांनी मिळून केलेला नामघोष, हे सर्व एकाच तासाभरात आणि एकाच मंडपात. मंडपाच्या दाराशी बसून कोणी, 'तुम्ही कानांचे की डोळ्यांचे?' असे विचारून श्रोत्यांची वाटणी करीत नाही. सर्व साधने सर्वांना. ज्याचे मन ज्या क्षणी ज्यावर ठरेल त्यावर ठरो. महानुभावांचे नागदेवाचार्य यांनी केशिराजबासांना संस्कृतात लिहू नका असे बजावले, कारण तसे केल्याने साध्याभोळ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, असा प्रसंग स्मृतिस्थळात नमूद आहे. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेचा अर्थ मराठीत आणला तोही याच करुणेने. अधिकार नसलेल्यांची यादी मोठी होत गेली तेव्हा या लोकांनी यादी फाडली आणि ओझे स्वतःच्या भाषेवर घेतले. शिक्का की ओझे, या निवाड्यात त्यांनी दिलेला निकाल मला पुरेसा स्पष्ट दिसतो.

आता खऱ्या फरकांकडे वळू, कारण शैलींच्या गोष्टी करता करता ते डोळ्याआड होतात. अंध विद्यार्थ्याचे न दिसणे ही शैली नव्हे. त्याच्यासाठी संगणकावरचा मजकूर वाचून दाखविणारे कार्यक्रम उपलब्ध आहेत. त्यांपैकी एनव्हीडीए हा विनामूल्य कार्यक्रम २००६ साली ऑस्ट्रेलियातील दोघा अंध तरुणांच्या उद्योगातून सुरू झाला आणि तो मराठीही वाचतो. परंतु त्याच्यापुढे आपल्याकडील एखादी नमुनेदार पीडीएफ ठेवून पाहावी. युनिकोड येण्यापूर्वीच्या टंकांत जुळविलेले पान असेल तर डोळस माणसाला शुद्ध, वळणदार देवनागरी दिसत असते आणि यंत्र मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ बडबडत सुटते. कारण टंकाच्या पोटात तेच भरलेले असते. पान नुसते छायाचित्र म्हणून चढविले असेल तर यंत्र गप्प बसते. अशा वेळी विद्यार्थ्याला शिकण्याचे सर्व काही उपलब्ध करून दिल्याचा शेरा दप्तरी पडतो आणि विद्यार्थ्यापर्यंत एक अक्षरही पोहोचलेले नसते. ही फाइल नीट जुळवून घेण्यास फार तर एक दिवस लागतो. तो दिवस कोणी देत नाही, आणि शैली ओळखण्याच्या प्रश्नावल्यांवर मात्र शिबिरे भरतात, याचा मला संताप येतो.

दोन पाळ्यांत राबणारा कामगार, चुलीपासून रात्री दहाला सुटणारी गृहिणी, ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो त्या घरातील मुले, यांचे फरकही असेच खरे आहेत. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ते उघडे पडले. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगविले, कारण भिंत सर्वांपाशी होती. पालघर जिल्ह्यातील पाड्यांवर ध्वनिक्षेपक गावात नेऊन धडे ऐकविले गेले. या दोन्ही तजविजींत तंत्र किती जुने आहे हे गौण. मुख्य हे की त्या करणाऱ्यांनी आधी गावात फिरून, येथे काय आहे आणि काय नाही, हे विचारले होते.

प्लेटोच्या फीड्रस या संवादात सॉक्रेटिस लेखनाविषयी जी तक्रार करतो ती हीच आहे: लिहिलेल्या शब्दाला काही विचारले तर तो तेच ते पुन्हा सांगतो, आणि आपण कोणाशी बोलावे व कोणाशी गप्प राहावे हे त्याला कळत नाही. ही तक्रार लेखनाने आपल्यापर्यंत आली हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. चित्रफीत ही या अर्थाने लेखनाचीच बहीण आहे. हसतमुख, रंगीत, पण तितकीच बहिरी. अमेरिकेतील एमआयटीने २०१२ साली विद्युत्परिपथांचा अभ्यासक्रम सर्व जगाला महाजालावरून खुला केला तेव्हा सुमारे १,५५,००० लोकांनी नावे घातली आणि ७,१५७ जण उत्तीर्ण झाले. सात हजार ही संख्या लहान नव्हे, आणि कित्येक जण नुसते डोकावण्यासाठी आले असतील हेही मान्य. परंतु उरलेल्यांतले किती जण पहिल्याच अडथळ्याशी थांबले आणि ते थांबल्याचे कोणाला कळले?

येथे प्रजापतीच्या विरुद्धही एक साक्ष काढणे प्राप्त आहे. छांदोग्योपनिषदात इंद्र आणि विरोचन त्याच्याकडे आत्मविद्येसाठी येतात. बत्तीस वर्षे राहिल्यावर त्यांना पाण्याच्या भांड्यात आपले प्रतिबिंब पाहण्यास सांगितले जाते, आणि दोघेही, हे शरीर म्हणजेच आत्मा, असे समजून तृप्त मनाने निघून जातात. प्रजापती त्यांना पाठमोरे जाताना पाहतो, त्यांचे चुकले आहे हे जाणतो, तसे उद्गारही काढतो, पण हाक मारीत नाही. इंद्राला वाटेत शंका येते, तो समिधा घेऊन परत येतो, पुनःपुन्हा येतो आणि एकूण १०१ वर्षांनी त्याचे समाधान होते. विरोचन परत येत नाही. तो आपले अर्धवट ज्ञान असुरांत जाऊन शिकवू लागतो. टीकाकार यात विरोचनाचा दोष पाहतात, आणि तो आहेच. परंतु ज्या गुरूने एके ठिकाणी कळले काय असे विचारले त्याने दुसऱ्या ठिकाणी का विचारले नाही, हा प्रश्न मला सोडीत नाही. शोधून परत येणाऱ्यालाच विद्या मिळावी हा जुना दंडक असेल. इंद्रासाठी तो चालतो. मुक्त विद्यापीठ मात्र विरोचनांसाठी काढलेले असते, म्हणजे ज्यांना परत येण्याची वाट, फुरसत किंवा धीर नाही अशांसाठी, आणि तेथे गुरूनेच मागे धावावयाचे असते.

यंत्र मागे धावते, असे यावर सांगितले जाईल. धडा संपताच ते पाच बहुपर्यायी प्रश्न विचारते आणि क्षणार्धात गुण सांगते. आता तर विद्यार्थ्याशी संभाषण करणारे कार्यक्रमही आले आहेत आणि ते न थकता, न चिडता उत्तर देतात, जे आम्हां शिक्षकांना नेहमीच जमते असे नाही. मी या सोयीला नावे ठेवणार नाही; रात्री अकरा वाजता शंका आलेल्या मुलीला कोणीच नसण्यापेक्षा हे बरे. परंतु चार पर्यायांतून एकावर खूण करणे म्हणजे काय कळले ते सांगणे नव्हे. प्रजापतीने पर्याय दिले नव्हते, आणि दिले असते तर देवांनी, मनुष्यांनी आणि असुरांनी एकमेकांचे पाहून एकाच पर्यायावर खूण केली असती. शिवाय विचारणाऱ्यावर उत्तराचे काही बंधन असावे लागते. विद्यार्थ्याने चुकीचे सांगितले तर शिक्षकाला आपला धडा चुकला असे कधीतरी वाटते, तो पुढल्या वर्षी तो पालटतो, कधी रात्री झोप लागत नाही. यंत्र धडा पालटते, पण त्या पालटण्याचा जबाब कोणाला देते?

केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयं' या व्यवस्थेत प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग ठरविलेले आहेत: चित्रफिती, वाचनाचे साहित्य, स्वयंपरीक्षणाच्या चाचण्या आणि शंकांची चर्चा. पहिले तीन भाग एकदा तयार केले की वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांचे उद्घाटनही करता येते. चौथा भाग रोज नव्याने करावा लागतो, त्याला माणूस लागतो, आणि त्याचे उद्घाटन होत नाही. नाशिकच्या विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर हाच माणूस संमंत्रक या नावाने बसतो. रविवारच्या संपर्कसत्राला येतो आणि स्वाध्यायाच्या वह्या तपासतो. वहीवर नुसता आकडा न टाकता, 'येथपर्यंत बरोबर, पुढे तुम्ही कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे, पुन्हा लिहून पाहा,' अशा दोन ओळी जो संमंत्रक लिहितो, त्याने दृक्-श्राव्य शैलींचे एकही पुस्तक वाचले नसले तरी समोरच्या माणसाचा फरक ओळखला आहे. आणि ज्या अर्थी त्याचा वेळ मोजून घेतला जातो व मोबदला वह्यांच्या संख्येवर ठरतो, त्या अर्थी त्या दोन ओळी त्याने पदरमोड करून लिहिलेल्या असतात.

म्हणून दूरशिक्षणाचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांना माझी विनंती एवढीच आहे. पुढील अर्थसंकल्पात नव्या चित्रीकरणगृहाची मागणी लिहिण्यापूर्वी संमंत्रकांच्या मानधनाची बाब लिहावी, एकेका संमंत्रकाकडे किती वह्या द्यावयाच्या याची मर्यादा ठरवावी, आणि ज्या वहीवर आकड्याखेरीज काहीही लिहिलेले नाही ती तपासलेली धरू नये.